बाई, घेऊ का टॅब?

मुलांनो, तुमच्या घरी सध्या कशावरून रुसवेफुगवे चालू आहेत? सायकल? मनगटी घड्याळ? की टॅब? आमच्या कान्ह्यात यंदा मार्चमध्ये टॅबची साथ आली होती. एका कंपनीचा नवा टॅब बाजारात आला आणि त्याची जाहिरात सगळ्यांच्या फोनवर झळकली. (कंपनीचं नाव सांगत नाही, उगीच फुकटात जाहिरात व्हायची!) जाहिरातीत एक मुलगा हिरवळीवर पालथा पडून टॅबवर शनीची कडी बघतोय. झालं! दुसऱ्या दिवशी वर्गात निम्म्या पोरांना खगोलशास्त्रज्ञ व्हायचं होतं.

शाळा सकाळची झाली होती. शाळा सुटल्यावर मी स्टेशनकडे निघाले, तर मागून हाक आली, "बाई, जरा थांबता का?"

चिऊचे वडील होते. चिऊ हे तिचं खरं नाव नाही बरं का, आपण इथं तिला चिऊ म्हणू. तेव्हा ती माझ्या तिसरीच्या वर्गात होती. वडील टाकव्याच्या एका कारखान्यात पाळीत काम करतात, थोडं भाताचं वावरही आहे. त्यांनी फोन काढला आणि तीच जाहिरात माझ्यापुढं धरली.

"पंधरा हजार नऊशे नव्व्याण्णव, बाई. पोरगी आठ दिवस जेवताना तेच बोलतीय. पैसे हायेत. तुम्ही म्हणाल तर घेतो."

तुम्ही म्हणाल तर! शब्द तीनच, पण माझ्या पोटात गोळा आला. का, ते सांगते.

२०२० सालचा जून महिना होता. करोनामुळं शाळा बंद होत्या. "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" असं आम्ही सगळेच म्हणत होतो. वाडीवरच्या एका मुलाच्या वडिलांना मी ठासून सांगितलं, "स्मार्टफोन घ्याच, नाहीतर पोरगा मागं पडेल." त्यांनी हप्त्यानं फोन घेतला. वाडीवर रेंज येते का, हे मी विचारलंच नव्हतं. रेंज यायची ती टेकडीवर. पोरगा रोज दगडावर बसून माझा तास ऐकायचा. ऑगस्टच्या पावसात एकदा पाय घसरला. तो वाचला, पण फोन खडकावर आपटला आणि काचेचा पार चुरा झाला. हप्ते मात्र पुढं सात महिने चालू होते. ते गृहस्थ मला आजवर एका शब्दानं बोललेले नाहीत. स्टेशनवर भेटले की "बरंय ना बाई?" एवढंच विचारतात. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हा चिऊच्या वडिलांना मी म्हटलं, "दादा, मला आठ दिवस द्या."

लोकलमध्ये बसल्यावर मला माझाच टॅब आठवला. हो, माझाही एक होता! २०११ साली मी डीएडला होते. ५ ऑक्टोबरला दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिबल यांनी 'आकाश' नावाचा टॅब सगळ्यांना दाखवला. जगातला सर्वांत स्वस्त टॅब म्हणून त्याचा गाजावाजा झाला. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडणार होता आणि विद्यार्थ्यांना त्याहूनही कमी, सवलतीच्या किमतीत मिळणार होता. आमच्या वसतिगृहात त्या रात्री कुणी झोपलं नाही. आता दप्तरं जाणार, फळे जाणार, आपण शिक्षिका होऊ तेव्हा खडू राहणारच नाही, असं काय काय आम्ही बोललो. (खडू आहे. आजही माझ्या साडीला लागलेला आहे.)

'आकाश' कसा होता? सात इंचांचा पडदा आणि २५६ एमबी रॅम. रॅम म्हणजे टॅबचा ओटा समजा. ओटा जेवढा मोठा, तेवढी भांडी एका वेळी मांडता येतात. त्या ओट्यावर एक कढई ठेवली की दुसरीला जागा नसायची, म्हणून तो रखडायचा. बॅटरी सुमारे तीन तास टिकायची. पडदा दाबावा लागायचा, कारण त्यात दोन पातळ थर होते आणि बोटानं दाबून ते एकमेकांना टेकले तरच टॅबला कळायचं. पुढं मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक दीपक फाटक यांच्या चमूनं या कामात लक्ष घातलं आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश २' आला. तो बराच सुधारलेला होता, नुसत्या स्पर्शावर चालायचा.

मला काही 'आकाश' मिळाला नाही. शिकवणीचे पैसे साठवून मी पुण्यातून तसाच एक स्वस्त, दुसऱ्याच कंपनीचा टॅब आणला. नखानं दाबून दाबून अंगठा दुखायचा. वर्षभरात त्यानं मान टाकली. अजून कपाटात आहे, टाकवत नाही.

तुम्हाला वाटत असेल, मुलांच्या हाती असं यंत्र द्यायची कल्पना जाहिरातवाल्यांची आहे. नाही! १९७२ साली अमेरिकेत अ‍ॅलन के नावाच्या संशोधकानं एक निबंध लिहिला. वहीएवढा, दोन किलोंहून हलका संगणक मुलांच्या हातात असावा, असं त्यानं त्यात म्हटलं. सोबत चित्रही काढलं. दोन मुलं गवतावर बसून आपापल्या यंत्रावर काहीतरी करतायत, असं! तेव्हा असं यंत्र जगात नव्हतंच, पण गवत आणि मुलं मात्र जाहिरातीसारखीच. फरक एवढाच, की अ‍ॅलन के यांच्या कल्पनेतली मुलं नुसती बघत नाहीत, ती स्वतः खेळ तयार करतात, तपासतात, बदलतात.

आणि यातला एक प्रयोग तर आपल्या शेजारीच झाला. आपली लोकल लोणावळ्यापर्यंत जाते. तिथून बोरघाट उतरला की कर्जत. त्या तालुक्यातल्या खैराट गावच्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली बावीस मुलांना हिरवे-पांढरे छोटे संगणक मिळाले. निकोलस निग्रोपाँटे या अमेरिकन प्राध्यापकाची 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' अशी योजना होती, त्यातले ते. शंभर डॉलरला एक, असा बेत होता. प्रत्यक्षात किंमत जवळजवळ दुप्पट झाली. त्याचा पडदा फिरवून पाटीसारखा आडवा पाडता यायचा, म्हणजे अर्धा टॅबच की! आणि गंमत म्हणजे तो पडदा भर उन्हातसुद्धा वाचता यायचा. आदल्याच वर्षी, २००६ साली, आपल्या केंद्रीय शिक्षण खात्यानं या योजनेला नकार दिला होता. म्हणजे घ्यावं की न घ्यावं, हा प्रश्न चिऊच्या बाबांना एकट्यालाच पडलेला नाही, अख्ख्या देशालाही पडला होता.

असो. माझे आठ दिवस संपत चालले होते! माझ्या मावसभावानं तळेगावला तोच नवा टॅब घेतला होता. त्याला गूळ लावून मी तो चार दिवसांसाठी मागून आणला आणि आधी वर्गातच त्याची परीक्षा घ्यायची ठरवली.

खोक्यावर लिहिलं होतं: पडदा अकरा इंच, रॅम ४ जीबी, साठवण १२८ जीबी, बॅटरी ७,००० एमएएच. मी फळ्यावर 'आकाश'ची रॅम लिहून दिली आणि किती पट ते काढायला सांगितलं. सोळा पट! पोरं खूश. मग सेटिंगमध्ये जाऊन बघितलं, तर १२८ मधली बरीच जागा टॅबनं आधीच स्वतःसाठी अडवलेली. "म्हणजे घरमालकानं भाड्याच्या घरात आपलंच सामान ठेवलंय," असं एक जण म्हणाला. (हा पुढं वकील होणार.)

मग टॅब अंगणात नेला. मार्चचं ऊन, साडेदहाची वेळ. पडद्यावर पुस्तकाऐवजी आमचीच तोंडं दिसायला लागली. जाहिरातीतल्या त्या मुलानं हिरवळीवर शनी कसा बघितला, देव जाणे! नंतर मी मुलांना नळावर हात भिजवून यायला सांगितलं. ओल्या बोटांनी टॅब वेड्यासारखा वागू लागला. दाबावं एक आणि उघडावं भलतंच. त्याचं असं आहे, या पडद्याच्या काचेखाली डोळ्यांना न दिसणारी बारीक विद्युत जाळी असते. बोट टेकलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि टॅबला जागा कळते. पाण्यानंही तो बदलतो, म्हणून त्याचा गोंधळ उडतो. माझा जुना दाबायचा टॅब ओल्या बोटालाही बधत नसे, पेन्सिलीनंही चालायचा. आता तुम्ही म्हणाल, ओल्या हातानं टॅब धरायचाच कशाला? तुम्ही मावळातले नसाल तर असं म्हणाल! इथं जून ते सप्टेंबर कोरडा हात शोधावा लागतो.

पण एका गोष्टीवर मी भाळले, ते लपवत नाही. बालभारती आपली पाठ्यपुस्तकं संगणकावर वाचता येतील अशी फुकट देते. फोनवर ते पान उघडलं की मुंगीएवढी अक्षरं दिसतात, मोठी केली की अर्धं पान बाहेर जातं. टॅबवर अख्खं पान मावलं. नकाशा उघडला, दोन बोटांनी मोठा केला, आणि इंद्रायणी कुठनं कुठं जाते ते पाच पोरं एकदम डोकी लावून बघत बसली. फोनवर दोन डोकीसुद्धा मावत नाहीत.

उरलेले दिवस टॅब चिऊच्या घरी दिला. तिला बजावलं, "काय काय केलंस, किती वेळ केलंस, ते वहीत खरं खरं लिही. मी रागावणार नाही." तिनं लिहिलेलं जसंच्या तसं देते:

"पहिला दिवस. सगळी बटणं बघितली. शनी बघितला. दादूनं गाडीचा खेळ लावला. तो देईना. मारामारी. आईनं टॅब माळ्यावर ठेवला.

दुसरा दिवस. पुस्तकातला चौकोन टॅबला दाखवला. नेट नाही म्हणाला. बाबा कामावर.

तिसरा दिवस. आजीचं बोलणं भरून घेतलं. आजी आधी लाजली. मग थांबेना. बाबा म्हणाले हे माझ्या फोनमध्येपण होतं."

दुसऱ्या दिवशीच्या त्या दोन ओळींवर मी थबकले. पुस्तकाच्या पानावर तो काळा-पांढरा चौकोन असतो ना, त्याला क्यूआर कोड म्हणतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना असे कोड जोडून मुलांपर्यंत धडे पोचवले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली! तो कोड टॅबला दाखवला की धडा उघडतो. पण कधी? नेट असेल तेव्हा. हा टॅब सिम नसलेला होता, म्हणून तर सोळा हजारांत बसत होता. नेट घ्यायचं ते बाबांच्या फोनवरून. आणि बाबांची दुसरी पाळी, दुपारी तीन ते रात्री अकरा. घरातला एकुलता एक स्मार्टफोन त्यांच्या खिशातून रोज कारखान्यात जातो. चिऊ अभ्यासाला बसते संध्याकाळी सातला! धडे आधी उतरवून ठेवता येतात, 'दीक्षा' अ‍ॅपमध्ये तशी सोय आहे; पण मग कुणीतरी सकाळी आठवणीनं ते करायला हवं. आई भल्या पहाटे उठून दोन डबे करते. तिला हे शिकवणार कोण? मी शिकवू शकले असते, हेही खरं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी टॅब परत आणायला मी चिऊच्या घरी गेले. ती पडवीत अभ्यास करत होती. वर बघितलं तर पत्र्यांना भोकंच भोकं, मावळतीचं ऊन त्यातून वहीवर सांडलेलं. दिसायला सुंदर! मी तसं म्हणालेसुद्धा. आई आतून पाणी घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, ते पैसे पत्र्यांचे हायेत."

चिऊचे बाबा खाली बघत म्हणाले, "एक पावसाळा कागद टाकू की वरून. पत्रे काय, पुढल्या साली होतील. पोरीचं शिक्षण थांबायला नको."

मुलांनो, खरं सांगते, तिथं मला पटकन 'नको' म्हणता आलं नाही. मला दर महिन्याला पगार आहे. माझ्या घरी संगणक आहे, माझ्या मुलाला प्रश्न पडला की तो मला विचारतो, मला नाही आलं तर शोधून बघतो. चिऊच्या घरात सातवीच्या पुढं कुणी गेलेलं नाही. तिला अडलं तर कोणाला विचारायचं? मी कोण, तिच्या बापाच्या हौसेला आडकाठी करणारी? पण डोळ्यांपुढं खडकावर फुटलेला तो फोनही येत होता. आणि पडवीचं ते छप्पर! मावळातला पाऊस, वर प्लास्टिकचा कागद, आणि खाली सोळा हजारांची काच.

मी त्यांच्याच वहीत हिशेब मांडला. टॅब १५,९९९. कव्हर आणि वरची काच हजारभर. म्हणजे सतरा झाले. फुटला तर नवीन पडद्याला किती, ते मी तळेगावात विचारून आले होते. दुकानदारानं टॅबच्या निम्मा आकडा सांगितला होता. सिम नाही, म्हणजे संध्याकाळी नेट नाही. शिवाय नव्या नव्या सुधारणा कंपनी किती वर्षं देणार, ते खोक्यावर कुठंच लिहिलेलं नव्हतं. सुधारणा थांबल्या की हळूहळू अ‍ॅप उघडेनाशी होतात. माझ्या कपाटातल्या टॅबचं शेवटी तेच झालं होतं. पलीकडच्या बाजूला मी लिहिलं, 'मोठं पान'. मग थोडं थांबून लिहिलं, 'नकाशा'. तिसरं काही सुचेना. चिऊनं स्वतः पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, 'मला पाहिजे'.

ते मी खोडलं नाही. तेही कारणच आहे.

"दादा," मी म्हटलं, "आत्ता नको. आधी पत्रे टाका. टॅब वाईट नाही, पण तुमच्या घरासाठी हा टॅब नाही. सिमवाला बघू, नाहीतर दिवाळीत याचीच किंमत उतरते का बघू." आणि चिऊला म्हटलं, "शाळा सुटल्यावर अर्धा तास माझा फोन तुझा. चौकोन दाखवायचे, धडे बघायचे." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत हजेरीला "हजर" म्हणाली ते माझ्याकडं न बघता. आणखी दोन दिवस तसंच. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत येऊन म्हणाली, "बाई, तुमच्याकडं आहे म्हणून तुम्हाला नको वाटतो." मला उत्तर देता आलं नाही.

मे महिन्यात पत्रे झाले. पालकहो, तुम्ही म्हणाल बाईंनी बरं केलं. मला तशी खात्री नाही. शाळा सुटल्यावरचा तो अर्धा तास पावसाळ्यात आठवड्यातून दोनदाच जमला. कधी मला बैठक, कधी लोकल, कधी तिला भातलावणीच्या दिवसांत धाकट्याला सांभाळायला घरी जायचं असे. टॅब असता तर तिनं अख्खा पावसाळा त्यावर नकाशे बघितले असते, की दादूनं गाड्या पळवल्या असत्या, कोण सांगणार?

परवा दिवाळीच्या सुट्टीनंतर चिऊ, आता चौथीतली, वहीचं एक पान घेऊन आली. बाबांबरोबर ती तळेगावला दुकानात जाऊन आली होती. पानावर तिनं प्रश्न लिहून नेले होते: सिम बसतं का? सुधारणा किती वर्षं? काच फुटली तर किती? उन्हात दिसतो का? ओला हात?

"मग दुकानदार काय म्हणाले गं?"

"पहिल्यांदा बाबांकडं बघितलं, बाई. मग टॅब घेऊन मला रस्त्यावर उन्हात नेलं."

"दिसला?"

"थोडा थोडा. ओला हात लावू दिला नाही. सिमवाला पुढच्या महिन्यात येणार म्हणाले. अडीच हजार जास्त."

"बाबा काय म्हणाले?"

"बाबा म्हणाले, बाईंना विचारू." ती क्षणभर थांबली. "मी म्हटलं, आधी मी बघते."